जुनी गाडी बाहेरच्या देशातून आणायचीय? मग नंबर प्लेटपासून मागे या

जुनी गाडी बाहेरून आणायची म्हटलं की सगळे पहिलं काय करतात तर गाडी शोधतात. रात्री उशिरापर्यंत फोटो बघायचे, रंग आवडला, डॅशबोर्ड आवडला, विकणाऱ्याला मेसेज केला आणि दोन दिवसात अॅडव्हान्स पण गेला. मग डोक्यात येतं की अरे, ही आपल्याकडे रजिस्टर तरी होईल का. मी हेच केलं होतं त्यामुळे कुणाला हसत नाहीये. पण आता कुणी विचारलं तर मी एकच सांगतो, उलटीकडून चाला. गाडीला शेवटी नंबर प्लेट लागणार ती ज्या ऑफिसात मिळते तिथे आधी जा, त्यांना काय कागद लागतात ते लिहून घ्या, तिथून मागे कस्टमला या, मग जहाजाला, मग विकणाऱ्याला, आणि गाडी पसंत करणं सगळ्यात शेवटी. कंटाळवाणं आहे मान्य, पण पैसे वाचतात.

सगळं अडतं ते वयावर. नवीन गाडीला ज्या त्या देशाचे सेफ्टीचे आणि धुराचे नियम लागतात, ते दुसऱ्या देशासाठी बनवलेल्या गाडीत बसवणं जवळपास अशक्य असतं, म्हणून जुन्या गाडीला वयाची सूट दिलेली असते आणि आपण सगळे त्या सुटीच्या फटीतून आत शिरतो. अमेरिकेत ही सूट २५ वर्षांची, कॅनडात १५ वर्षांची, ऑस्ट्रेलियातही आता २५ वर्षांची, आणि ब्रिटनमध्ये १० वर्षांवरच्या गाडीला रजिस्ट्रेशनआधीची अप्रूव्हलची टेस्ट लागत नाही. अमेरिकेत अजून एक गंमत आहे, सेफ्टीवाल्या खात्याची मर्यादा २५ वर्षं आणि धूरवाल्या खात्याची २१, म्हणजे दोन वेगळी खाती, दोन वेगळे फॉर्म, आणि धूरवाल्यांची सूट हवी तर इंजिन मूळचं किंवा त्याच्याच जोडीचं पाहिजे. कुणी हौसेने दुसऱ्याच गाडीचं इंजिन टाकलं असेल तर २१ वर्षांचा मुद्दा डळमळीत होतो.

आता इथे लोक कुठे चुकतात तर वर्ष बघतात. अमेरिका आणि कॅनडाचा हिशोब गाडी ज्या महिन्यात बनली त्या महिन्यापासून चालतो, मॉडेल इयरचा काही संबंध नाही आणि पहिल्यांदा रजिस्टर झाली त्या तारखेचा तर अजिबातच नाही. गाडी कारखान्यातून नोव्हेंबरमध्ये निघाली, शोरूमला पडून राहिली, पुढच्या मार्चमध्ये विकली, तर कागदावर मार्च दिसतो. उलटं पण होतं, विकणारा म्हणतो "९९ ची आहे हो" आणि बनलेली असते डिसेंबर ९९ ला, तुम्ही ती वर्षाच्या सुरुवातीला जहाजावर चढवून मोकळे, आणि बंदरावर कळतं की अजून दहा महिने बाकी आहेत. त्या दहा महिन्यांचं गोदामाचं भाडं कोण भरणार? ८९ मध्ये आलेली आर३२ स्कायलाइन जीटी-आर २०१४ मध्ये अमेरिकेसाठी मोकळी झाली तेव्हा लोक अक्षरशः महिने मोजत बसले होते, सुरुवातीच्या गाड्या आधी सुटल्या, मागून बनलेल्यांना थांबावं लागलं.

महिना शोधायचा कसा? दाराच्या खांबावर स्टिकर किंवा प्लेट असेल तर सोपं. अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांवर ती असते, जपानच्या देशी गाड्यांवर, म्हणजे जपानमध्येच विकायला बनवलेल्या, बहुतेक नसतेच. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, खाली शिवलेलं एक कापडी लेबल असतं त्यावर बऱ्याचदा महिना-वर्ष छापलेलं असतं. काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याजवळ ठिपके असतात त्यावरून पण अंदाज लागतो. अर्थात सीटबेल्ट गाडीच्या आधी बनतो त्यामुळे हा नुसता अंदाज, पक्का पुरावा म्हणजे कंपनीकडून आलेलं पत्र किंवा चासी नंबरवरून काढलेली बनल्याची तारीख. आणि हो, १७ आकडी चासी नंबर शोधत बसू नका, जपानच्या देशी गाडीला छोटा चासी नंबर असतो, मधे डॅश असलेला, आणि १९८१ च्या आधीच्या अमेरिकन गाड्यांना पण १७ आकडी नव्हता. काही ऑनलाइन फॉर्म १७ पेक्षा कमी घेतच नाहीत, तेव्हा वैतागू नका, ऑफिसात माणसाशी बोला.

कस्टमने सोडली म्हणजे रजिस्टर होईल असं नसतं, हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. दोन वेगळी ऑफिसं आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत. अमेरिकेत गाडी देशात कायदेशीर आली तरी रस्त्यावर आणायची परवानगी राज्य देतं, आणि जपानच्या त्या छोट्या केई ट्रकना काही राज्यांनी नंबर द्यायला नकार दिलाय. कॅलिफोर्नियात तर धुराचे स्वतःचे नियम आहेत, १९७५ किंवा आधीचं मॉडेल असेल तर पेट्रोल गाडी सुटते, त्याच्या पुढची असेल तर २५ वर्षांची झाली म्हणून आनंद नको. काही देशात उजव्या हाताचं स्टीअरिंग चालतच नाही. हेडलाइटचा झोत कुठल्या बाजूला पडतो ते बघतात, कारण डाव्या बाजूने चालणाऱ्या देशातल्या गाडीचा डिपर उजवीकडच्या देशात समोरच्याच्या डोळ्यात जातो. स्पीडोमीटर मैलात की किलोमीटरात, मागे लाल फॉग लॅम्प आहे का, असलं किरकोळ वाटणारं सगळं तिथे विचारून ठेवा.

आता टॅक्स. साध्या वापरलेल्या गाडीला सर्वसाधारण ड्यूटी लागते, पण ३० वर्षांच्या वरची, मूळ अवस्थेतली, आता बनत नसलेली गाडी ब्रिटन आणि युरोपियन युनियनमध्ये संग्रहाची वस्तू म्हणून ९७०५ या कोडखाली जाऊ शकते. फरक किती ते ऐका, ब्रिटनमध्ये साधी गाडी म्हणजे बहुतेक देशांतून आली तर १० टक्के ड्यूटी वर २० टक्के व्हॅट, आणि ९७०५ मध्ये गेली तर ड्यूटी शून्य आणि व्हॅट ५ टक्के. जर्मनीत व्हॅट ७ टक्के. म्हणून कस्टमचं काम बघणारा एजंट कधी कधी नेहमीच्या सवयीने साध्या कारचा ८७०३ हा कोड टाकून मोकळा होतो ना, तिथे लक्ष ठेवा, नंतर परतावा मागायला महिने जातात. पण मूळ अवस्था म्हणजे खरंच मूळ अवस्था. चासी, स्टीअरिंग, ब्रेक, इंजिन यात मोठा बदल केलेला असेल तर ती त्यांच्या लेखी साधी जुनी गाडी. पुढे डिस्क ब्रेक बसवलेत, पाच गिअरचा बॉक्स टाकलाय, असं विकणारा छाती फुगवून सांगतो तेव्हा तुम्ही मनातल्या मनात टॅक्सचा हिशोब करायचा. शंका असेल तर गाडी निघायच्या आधी कस्टमकडून कोडबद्दल लेखी निर्णय मागवता येतो, थोडा वेळ जातो पण महागडी गाडी असेल तर नक्की करा.

अमेरिकेत एक जुना सापळा आहे. कारवर मूळ ड्यूटी २.५ टक्के, पण पिकअप आणि मालाच्या गाड्यांवर २५ टक्के. हे कोंबडीमुळे झालंय, खोटं नाही सांगत. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीवर टॅक्स वाढवला, त्याचा बदला म्हणून अमेरिकेने १९६४ पासून ट्रकवर २५ टक्के लावले, बाकीच्या बदल्याच्या गोष्टी मागे पडल्या पण ट्रकवाला टॅक्स राहिला तो राहिलाच. त्यामुळे गोंडस केई ट्रक स्वस्तात मिळाला म्हणून नाचू नका. आणि हे आकडे बदलतात, २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेरच्या गाड्यांवर नवीन मोठे टॅरिफ लावले तेव्हा २५ वर्षांवरच्या गाड्या त्यातून वगळल्या होत्या, पण पुढच्या वेळी वगळतीलच असं काही नाही, म्हणून बुकिंगच्या दिवशी परत एकदा बघा. टॅक्स कशावर लागतो ते पण बघा, ब्रिटन-युरोपात गाडीची किंमत अधिक जहाजाचं भाडं अधिक विमा यावर लागतो, अमेरिकेत जहाजाचं भाडं धरत नाहीत. बिल कमी दाखवू का असं विकणारा हमखास विचारेल. नाही म्हणा. गाडी जप्त होऊ शकते, आणि वाटेत बुडाली तर विमा पण त्या कमी बिलावरच भांडेल.

तुम्ही स्वतःच देश बदलत असाल तर गोष्ट वेगळी. ब्रिटन आणि युरोपियन युनियनमध्ये निदान १२ महिने बाहेर राहिलेले असाल आणि गाडी निदान ६ महिने तुमच्याच नावावर, तुमच्याच वापरात असेल तर घरसामानासारखी टॅक्स न भरता आणता येते, फक्त पुढचे १२ महिने विकता येत नाही. म्हणजे निघायच्या आदल्या महिन्यात गाडी घेतली तर उपयोग नाही, सहा महिने आधीच घेऊन ठेवायची. आणि फक्त फिरायला, रॅलीला न्यायची असेल तर कार्ने द पासाज नावाचा कागद असतो, ऑटोमोबाईल क्लबकडून मिळतो, एक वर्ष चालतो, डिपॉझिट ठेवावं लागतं, आणि बाहेर पडताना शिक्का मारून घ्यायला विसरलात तर ते डिपॉझिट अडकतं.

कागदांवर जरा थांबतो कारण माझी वाट तिथेच लागली होती. गाडी छान होती, कागद पण होते, मालकाचं नाव बरोबर, सगळं बरोबर. चासी नंबर मी कागदावरचा वाचला, गाडीवरचा वाचलाच नाही. बॉनेट उघडलं की मागच्या पत्र्यावर, फायरवॉलवर, ठोकलेला असतो तो, आणि तीस वर्षांचं ऑइल, धूळ आणि कुणीतरी मारलेला रंग यांच्या खाली अर्धा बुजलेला. बंदरावरच्या अधिकाऱ्याने टॉर्च मारला, बोटाने पुसला आणि वाचला, पत्र्यावर ८ आणि कागदावर ३. एका आकड्यासाठी गाडी तिथेच. दुरुस्ती करायची तर मूळ देशातल्या ऑफिसातून नवीन कागद पाहिजे, त्याला आधीच्या मालकाची सही पाहिजे, आणि आधीच्या मालकाने पैसे मिळाल्यावर फोन उचलणं बंद केलेलं. १९ दिवस लागले, आणि रोजचं जागेचं भाडं चढतंय ते मी मोबाईलवर बघत बसायचो.

तर विकणाऱ्याला सांगा, रॉकेलमध्ये फडकं भिजवून हळूच पुसा, तारेचा ब्रश अजिबात नको, घासल्याच्या खुणा दिसल्या की नंबर बदललाय असा संशय येतो. मग खडू आडवा फिरवा म्हणजे आकडे उठून दिसतात, टॉर्च समोरून नको, बाजूने धरा, आणि जवळून फोटो काढा. तो फोटो आणि कागद शेजारी ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचा, घरातल्या दुसऱ्या माणसाकडून पण वाचून घ्या. पैसे त्याच्यानंतर.

बाकी कागद म्हणजे मालकीचा मूळ कागद, विक्रीचं बिल, गाडीवर कर्ज नाही आणि चोरीची नोंद नाही याचा पुरावा, आणि मूळ देशातून गाडी रद्द करून बाहेर जातीये याचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. जपानमध्ये नंबर प्लेट परत केल्यावर हे मिळतं, त्याचं अधिकृत भाषांतर पण लागतं. अमेरिकेतून गाडी बाहेर काढायची तर मूळ टायटल, म्हणजे तिथला मालकीचा कागद, जहाज निघायच्या निदान ७२ तास आधी तिथल्या कस्टमला दाखवावं लागतं, स्कॅन चालत नाही हे गृहीत धरा. जपानच्या लिलावातून घेत असाल तर ऑक्शन शीट वाचायला शिका, गाडीच्या चित्रावर अक्षरं असतात, ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे ठोकून सरळ केलेला पत्रा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाल्लाय, एक्सएक्स म्हणजे पॅनेलच बदललंय, आणि ग्रेडच्या जागी आर दिसला तर अपघाताची दुरुस्ती झालीये. फोटोत पुट्टी दिसत नाही, शीटवर दिसते.

जहाजाचे दोन प्रकार. रोरो म्हणजे गाडी स्वतः चालत जहाजात जाते, स्वस्त पडतं, पण गाडी चालू पाहिजे, ब्रेक लागले पाहिजेत, पेट्रोल पाव टाकीच्या खाली, आणि आत काही सामान ठेवायला बहुतेक मनाई. किल्ली अनोळखी माणसांच्या हातात असते, ओरिजिनल रेडिओ, गिअरची नॉब, टूलकिट असलं काही जाऊ शकतं, काढून वेगळं कुरिअर करा. कंटेनर महाग पण बंद. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, दाराची रुंदी २.३४ मीटरच्या आसपास, म्हणजे गाडी आत गेली तरी दार उघडून ड्रायव्हर बाहेर कसा येणार हा खरा प्रश्न, रुंद अमेरिकन गाडीत माणूस काचेतून बाहेर पडतो. ४० फुटीत दोन गाड्या बसतात, कुणी जोडीदार मिळाला तर भाडं निम्मं होतं, पण त्याचे कागद अडकले तर तुमची गाडी पण अडकली हे लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर न चालणारी किंवा खरंच दुर्मिळ गाडी कंटेनरमध्ये, बाकी रोरो.

विमा घ्याच, आणि पूर्ण घ्या. २०२२ मध्ये फेलिसिटी एस नावाचं जहाज अझोर्सजवळ पेटलं आणि जवळपास ४००० गाड्यांसकट बुडालं, त्यात नव्या कोऱ्या महागड्या गाड्या होत्या. ते जरा टोकाचं उदाहरण, पण जनरल अॅव्हरेज नावाचा एक जुना सागरी नियम आहे तो कुणी सांगत नाही. जहाज वाचवायला जो खर्च होतो तो जहाजावरच्या सगळ्या मालाच्या मालकांमध्ये वाटला जातो, तुमच्या गाडीला ओरखडा नसला तरी. २०२१ मध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन अडकलं तेव्हा हेच जाहीर केलं होतं. विमा नसेल तर स्वतःच्या खिशातून हमी भरल्याशिवाय माल सोडत नाहीत.

धुणं हा विषय लोक हसण्यावारी नेतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला गाडी जात असेल तर खालून, चाकांच्या कमानीत, रेडिएटरच्या जाळीत, गालिच्याखाली एक वाळकं पान पण नको. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात ऑस्ट्रेलियाला निघणाऱ्या मालासाठी एका ढेकणासारख्या किड्याचा मोठा बंदोबस्त असतो, यादीतल्या देशांतून येणाऱ्या गाड्या ५६ अंशांवर तापवून नाहीतर धुरी देऊनच पाठवाव्या लागतात. २०१८ मध्ये न्यूझीलंडने याच किड्यामुळे जपानहून आलेली गाड्यांची जहाजंच परत फिरवली होती. ऑस्ट्रेलियात अजून एक, अॅस्बेस्टॉस, ३१ डिसेंबर २००३ पासून बंदी आहे आणि जुन्या गाडीत ते ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट, गॅस्केट कुठेही असू शकतं. निघायच्या आधीच बदलून बिलं आणि टेस्टचा रिपोर्ट ठेवा, तिथे पोचल्यावर खोलून तपासणी झाली तर बिल तुमच्या नावाने. आणि तिथली इम्पोर्ट अप्रूव्हल गाडी चढवायच्या आधी हातात पाहिजे, नंतर नाही.

जहाज निघालं की बिल ऑफ लेडिंग येतं, म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याची पावती, हाच कागद म्हणजे गाडी, त्यावरचं नाव आणि पत्ता तुमच्या पासपोर्टशी अक्षरशः जुळला पाहिजे. मूळ कागद कुरिअरने यायचा की टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडायचा निरोप) करायचं ते आधी ठरवा, मी असे लोक बघितलेत ज्यांचं जहाज आलं आणि कागद अजून कुरिअरमध्ये फिरतोय. अमेरिकेला कंटेनर जात असेल तर आयएसएफची, म्हणजे कस्टमला मालाची आगाऊ माहिती द्यायची, नोंद माल जहाजावर चढायच्या २४ तास आधी झाली पाहिजे, एजंटला आठवण करा, लिहून घ्या. बंदरावर मोजके दिवस फुकट असतात, मग डेमरेज, म्हणजे उशिराचं भाडं, सुरू, शनिवार-रविवार धरून. म्हणून क्लिअरिंग एजंट जहाज पोचायच्या दोन आठवडे आधी ठरवा आणि त्याच्याकडून सगळ्या खर्चाचा कागद घ्या, बंदराचे चार्जेस, तपासणी, कंटेनर रिकामा करायचा खर्च, परत नेऊन द्यायचा खर्च. "साधारण इतके होतील" असं म्हणणारा एजंट मी दुसऱ्यांदा घेतला नाही.

गाडी घ्यायला जाताना बॅटरी किंवा जंपर, हवा भरायचा पंप, थोडं पेट्रोल, ब्रेक फ्लुइड आणि ओढून न्यायला ट्रक घेऊन जा, चालवत घरी यायचं स्वप्न सोडा, तेव्हा नंबर नसतो, विमा नसतो, आणि ब्रेक महिनाभर खाऱ्या हवेत बसलेले असतात. सही करायच्या आधी चारी बाजूंनी फोटो, पोचा दिसला तर तिथेच कागदावर लिहून घ्या. ब्रिटनमध्ये गाडी आल्यापासून १४ दिवसात नोव्हाची नोंद, म्हणजे गाडी आल्याचं टॅक्स खात्याला कळवणं, करावी लागते, ती झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन पुढे सरकत नाही.

आणि कस्टमने शिक्का मारून दिलेले सगळे कागद, अमेरिकेतले ते सेफ्टीचा आणि धुराचा असे दोन फॉर्म, ड्यूटी भरल्याची पावती, एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, चासी नंबरचा तो खडूवाला फोटो, हे सगळं एका फाइलमध्ये घालून ठेवा, गाडीत नाही, घरात. माझ्याकडे चार वर्षांनी गाडी बघायला आलेल्या माणसाने बॉनेट उघडायच्या आधी तीच फाइल मागितली.